यंत्र म्हणतं, जमनं

डिंडोली, सुरत
१८ फेब्रुवारी २०२५

कुंदनच्या वडलांस,
पुष्पाचा नमस्कार.

उलटा न्याय बघा. तीस वर्षं तुम्ही सुरतेहून लिहिलंत आणि मी गावी ओट्यावर बसून वाचलं. आता मी सुरतेत आणि तुम्ही ओट्यावर. कुंदन म्हणाला, "माय, आते पत्र कोन लिखस? शेजारनी उषाबाईले फोन लाव." मी म्हटलं, लाव बाबा, बापाच्या कानाला फोन लाव आणि वर लूमच्या खात्याचा भोंगाही लाव, काही फरक पडायचा नाही. लूमने कान खाल्ले ते खाल्ले. म्हणून हा कागद.

ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले. उजव्या खुब्याचं मोडकं हाड काढून धातूचा सांधा बसवला. दुखतं, पण शेळीच्या दाव्यात पाय अडकून अंगणात पडले तेव्हा दुखलं तसं नाही. शेळीला बोलू नका, मुक्या जनावराचा काय दोष.

आता खरी गंमत ऐका. हा ट्रस्टचा दवाखाना आहे, आणि इथे चालायला शिकवायला माणूस नाही, यंत्र आहे. वरून झोळीसारखा पट्टा, त्यात मला लेकरासारखं टांगतात. पायांना दोन्ही बाजूंनी लोखंडी हात बांधतात आणि खालचा पट्टा सरकू लागतो. सध्या यंत्रच माझे पाय उचलतं आणि ठेवतं. पुढे पुढे ते कमी जोर लावणार आणि मी जास्त, असं डॉक्टर म्हणाले. एकूण तीस पाळ्या आहेत. मी त्याला घोडा म्हणते.

आणि घोडा बोलतो! बाईचा आवाज आहे. आधी म्हणतो "दाबो", मग म्हणतो "जमनो". मी दचकलेच. सुरतेच्या यंत्राला आपली अहिराणी कोणी शिकवली? पाय दाबला की लगेच, जमनं! शेवट जरा सुरती वळणाचा काढतो, पण परक्या मुलखात एवढं बोलतो हेच खूप. एका पाळीत दोनशे वेळा म्हणतो. मी मोजलं नाही, पडद्यावर आकडा येतो.

सत्तर वर्षं झाली, माझ्या कामाला "जमलं" असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. शहाण्णव साली मी एकटीने गवंडी लावून घराची मागची भिंत उभी केली. आखाजीच्या सणाला तुम्ही आलात, भिंतीकडे बघितलंत आणि म्हणालात, "दरवाजा बुटका झाला." आठवतं का? असो.

दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या पलंगावर सरलाबाई होत्या, मराठी शाळेतल्या निवृत्त बाई. चांगली सोबत होती, पण मला घोड्यावर चढवायच्या आदल्याच दिवशी त्या घरी गेल्या. आपली सूनबाई जयश्री सकाळी पोचवते आणि घरी जाऊन साड्यांना टिकल्या लावायला बसते. कुंदनची इच्छापोरच्या कारखान्यात बारा तासांची पाळी. यंत्राच्या खोलीत तसंही घरच्यांना येऊ देत नाहीत.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की तीस पाळ्यांनंतर स्वतःच्या पायाने पायऱ्या चढल्या तरच गावी जा, नाहीतर मुलाकडे तळमजल्यावर राहा. आपल्या ओट्याला तीनच पायऱ्या आहेत. आखाजीला मी त्या चढणार. खापर काढून ठेवा, पुरणपोळ्या मीच करणार.

तुमची,
पुष्पा


सावखेडे, ता. अमळनेर
२६ फेब्रुवारी २०२५

सौ. पुष्पास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचलं. इकडे सर्व ठीक आहे.

शेळी व्याली. दोन पिल्लं आहेत. दावं आता आखूड केलं आहे. उषाबाई दुपारची भाकरी देते, रात्री मी खिचडी टाकतो. कुकरची शिटी ऐकू येत नाही म्हणून झाकणाकडे बघत बसावं लागतं. एकदा डुलकी लागली आणि खाली जळालं. ते शेळीनेही खाल्लं नाही.

खापर माळ्यावर आहे, काढतो. मागच्या दरवाज्याचं मी म्हणालो होतो ते मला आठवतं.

यंत्राचं वाचलं. ते जे म्हणतं ते ऐकत राहा. औषधं वेळेवर घे.

हिलाल


सावखेडे
२६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जयश्रीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या सासूच्या हाती देऊ नको. तिला यातलं काही सांगूही नको.

तिने लिहिलं आहे की यंत्र तिला "दाबो" आणि "जमनं" म्हणतं. तू सुरतेतच वाढलीस, तुझ्या लक्षात आलं असेल. ते "डाबो" आणि "जमणो" म्हणतं. गुजरातीत डावा आणि उजवा. यंत्र फक्त कुठला पाय उचलायचा ते सांगतं. तिचं कौतुक वगैरे करत नाही. ती कधी सुरतेत राहिली नाही, तिला कुठून कळणार.

पण पोरी, तिच्या अक्षरावरून मला दिसलं की ती खूश आहे. इतक्या वर्षांत तिचं असं पत्र आलं नव्हतं. माझ्या तोंडातून तो शब्द कधी निघाला नाही. सुरतेत आम्ही एका खोलीत चौदा जण राहायचो, पोस्टकार्डावर काय लिहायचं तेच सुचत नसे. पत्र मिळालं, सर्व ठीक. बस.

ते यंत्र म्हणतंय तर म्हणू दे. महिन्याभराचा प्रश्न आहे. पायाने ती हुशार आहे, चालेल. एका शब्दाने कोणाचं काय बिघडणार?

कुंदनलाही बोलू नको, तो हसेल आणि तिला सांगून टाकेल.

हिलाल


डिंडोली
१५ मार्च २०२५

कुंदनच्या वडलांस,
नमस्कार.

काल धुळवड झाली. इथे पोरांनी रस्ताभर रंगाचा चिखल केला, मी खिडकीतून बघितलं. शेळीच्या पिल्लांची नावं काय ठेवलीत ते लिहिलं नाहीत. तुमचं पत्र म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं.

आज मन जरा खट्टू आहे. चोवीस पाळ्या झाल्या. आता घोडा पाय उचलत नाही, मलाच उचलायला लावतो. मी सगळं त्याच्या सांगण्याप्रमाणेच करते. "दाबो" म्हणाला की ऑपरेशनचा पाय जोर लावून दाबते. "जमनं" म्हणाला की पाय सैल सोडते, कारण झालं ना काम. पण तिथली पोरगी ओरडते, "माजी, पैर उठाओ! उठाओ ना!" मी तिला म्हणते, अगं, यंत्र जमलं म्हणतंय आणि तू नाही म्हणतेस, मी ऐकू कोणाचं? तिला मराठी येत नाही, मला तिचं हिंदी अर्धंच कळतं. पडद्यावर दोन रेघा असतात, एक हिरवी आणि एक लाल. माझी लालच येते.

परवा मोठे डॉक्टर आले. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलंच नाही. विचारलं, आज वार कोणता? तुम्ही कुठे आहात? मुलाचं नाव काय? मला राग आला. खुबा मोडलाय की डोकं? मी म्हटलं, वार तुम्हीच सांगा, दवाखान्यात सगळे वार सारखेच. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. संध्याकाळी कुंदन माझ्याशी लहान पोराशी बोलावं तसं हळूहळू बोलायला लागला. नंतर जयश्रीला म्हणत होता, "मायनं डोकं साथ देत नही, सांगेल समजत नही." घर एका खोलीचं, मला ऐकू जाणारच.

जयश्रीने तेव्हा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. तिचा चेहरा उतरला होता. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही आई.

मला वेड लागलेलं नाही, एवढं तुम्ही तरी लक्षात ठेवा. बाकीच्यांना काही म्हणू द्या. घोडा तर रोज जमनं म्हणतो. तो खोटं कशाला बोलेल?

सहा पाळ्या राहिल्या. घरीही सराव करते आहे, स्वतःच तोंडाने म्हणायचं आणि चालायचं.

तुमची,
पुष्पा


सावखेडे
२४ मार्च २०२५

पुष्पा,

तुझं पंधरा तारखेचं पत्र सणामुळे एकवीसला मिळालं. वाचलं आणि तसाच चप्पल न घालता उषाबाईकडे गेलो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता कुंदनला फोन लाव. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने पाटी घेतली आणि माझ्यासाठी लिहिलं, "पुष्पा १९ ला घरात पडली. नवा खुबा बसवलाय त्याच्या खालचं हाड फुटलं." खाली अजून लिहिलं, "यंत्र दोन दिवस आधीच बंद केलं. तिला समजत नाही म्हणून." मी विचारलं, कशी पडली? तिने पुसून लिहिलं, "तोंडाने जमनं जमनं म्हणत चालत होती."

पुष्पा, आता मी लिहितो ते नीट वाच. तुला वेड लागलेलं नाही. दोष माझा आहे.

यंत्र जमनं म्हणत नव्हतं. डाबो म्हणजे डावा, जमणो म्हणजे उजवा. डाबो म्हणालं की डावा पाय उचलायचा, जमणो म्हणालं की उजवा. तू जिथे पाय सैल सोडत होतीस तिथे तो उचलायचा होता. सुरतेतला कोणीही माणूस हे सांगू शकला असता. मला तुझं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं. मी लपवलं, आणि जयश्रीलाही सांगू नको असं लिहिलं. तिला बोलू नको, ती मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाही.

मला वाटलं होतं, तुला तो शब्द मिळतोय तर मिळू दे. मी दिला नव्हता, निदान यंत्राने द्यावा. त्या शब्दापायी तुझा पाय जाईल हे माझ्या टाळक्यात आलं नाही. तीस वर्षं मागावर राहिलो, एक धागा चुकीचा गेला की सगळं कापड वाया जातं हे मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

तू मला वाटेल ते बोल. ऐकू येणार नाही, लिहून बोल.

हिलाल


सुरत, दवाखान्यातून
३ एप्रिल २०२५

कुंदनच्या वडलांस,
नमस्कार.

काय हा वेडेपणा लिहिलात. म्हणे दोष माझा. या वयात हाडं खडूसारखी होतात, डॉक्टरच म्हणाले.

आणि ऐका, मला ते माहीत होतं. तुम्हालाच सगळं गुजराती येतं असं नाही. सरलाबाईंनी मला केव्हाच सांगितलं होतं, पुष्पाबाई, जमणो म्हणजे उजवा बरं का. मी म्हटलं, असेल. पण आपल्याला ऐकायला काय हरकत आहे? मुद्दामच तुम्हाला तसं लिहिलं. म्हटलं, बघू तरी, यंत्र म्हणतंय हे वाचून या माणसाला काही सुचतंय का. तुम्ही शेळी व्याल्याचं लिहिलंत.

तेव्हा मनाला लावून घेऊ नका. पाय माझा, पडले मी. वयाचं दुखणं आहे.

आता कामाचं लिहिते. पुन्हा ऑपरेशन करणार नाहीत, छाती तेवढी भक्कम नाही म्हणाले. चाकाची खुर्ची आणली आहे. ओट्याच्या तीन पायऱ्या आता माझ्याच्याने व्हायच्या नाहीत, आणि मोरी अंगणाच्या पलीकडे. म्हणून मी इथेच राहीन. तुम्ही तिकडे राहा. आखाजीला घराला कुलूप दिसायला नको, सुषमा माहेराला येईल. पितरांची घागर तुम्ही भरा. घागरीवर ठेवायचं डांगर पार्वतीकडून आणा, तिच्या वेलाचं गोड असतं. पुरणपोळ्या उषाबाईला सांगा. खापर तापल्याशिवाय पोळी टाकू देऊ नका तिला, ती घाई करते.

तीस वर्षं लांब राहूनच संसार केला. उरलेलाही होईल. आपल्याला सवय आहे.

तुमची,
पुष्पा


डिंडोली
४ एप्रिल २०२५

ती. आबांस,
जयश्रीचा नमस्कार.

आईंचं पत्र काल मीच पोस्टात टाकलं. त्यांनी त्यात काय लिहिलं ते मला त्यांनीच वाचून दाखवलं आणि शपथ घातली की तुम्हाला काही कळवायचं नाही. पण आबा, एकदा तुमचं ऐकून गप्प राहिले तर हे असं झालं. आता त्यांचं ऐकून गप्प राहायची हिंमत माझ्यात नाही.

त्यांना माहीत नव्हतं. सरलाबाई तर आई यंत्रावर जायच्या आधीच घरी गेल्या होत्या. तुमचं पत्र आलं तेव्हा त्या उताण्या पडून होत्या म्हणून मी वाचलं. मी ऐकवत गेले आणि त्या वर पंख्याकडे बघत राहिल्या. पत्र संपलं. मग एवढंच म्हणाल्या, "मंग ते माले जमनं म्हनेच नही?"

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडू नको. कागद दे. तो मानूस आते जेवाव नही." म्हणजे तुम्ही आता जेवणार नाही, याची त्यांना काळजी. पडल्या पडल्या लिहायला त्यांना पूर्ण दुपार लागली.

दुसरं म्हणजे, मी त्या यंत्राच्या खोलीत जाऊन विचारलं. त्यात हिंदी होती. पडद्यावर एक बटण दाबलं की आवाज हिंदीत बोलतो. आम्ही कोणी विचारलं नाही म्हणून त्यांनी लावलं नाही. ती पोरगीही रडली. तिला वाटलं होतं, आजी हट्टी आहेत.

मोठे डॉक्टर येऊन गेले त्या रात्री मी ह्यांना सांगणार होते. तुमचा शब्द आठवला आणि गप्प बसले. तेव्हा बोलले असते तर निदान सहा पाळ्या हातात होत्या. हे मला जन्मभर पुरेल.

आपली,
जयश्री


सावखेडे
१२ एप्रिल २०२५

पुष्पा,

पत्र मिळालं. तुला आधीपासून माहीत होतं हे वाचून बरं वाटलं. माझ्या मनावरचा दगड उतरला. तू कधी खोटं लिहीत नाहीस, त्यामुळे विश्वास ठेवला. आता दोन्ही वेळ जेवतो आहे.

तू म्हणतेस, आपल्याला सवय आहे. मला नाही. मी तेव्हा तसं लिहीत नव्हतो, एवढंच.

मागच्या भिंतीपाशी आज बसलो होतो. एकोणतीस वर्षं झाली, कुठे तडा नाही. दरवाजा बुटका नाही, पुष्पा. मान खाली घालावी लागते म्हणून मला तसं वाटलं होतं. भिंत जमनी. सुषमाचं लग्न तू एकटीने पार पाडलंस, मला दोनच दिवसांची सुट्टी मिळाली होती, ते जमनं. कुंदन तापाने फणफणला तेव्हा त्याला खांद्यावर टाकून अमळनेरपर्यंत चालत गेलीस. मी पत्रात लिहिलं होतं, "बरं केलंस." त्याच्या जागी जमनं वाच. जुनी पत्रं पेटीत आहेत, बरोबर आणतो. जिथे जिथे "सर्व ठीक" लिहिलं आहे तिथे तू तो शब्द घाल. मला सगळीकडे खाडाखोड करायला वेळ पुरणार नाही.

मी येतो आहे. शेळी आणि पिल्लं उषाबाईला दिली. पिल्लांची नावं ठेवली नव्हती, तू आल्यावर ठेवशील म्हणून. आखाजीला घराला कुलूप राहील. गाव काय म्हणायचं ते म्हणेल, मला ऐकू येत नाही. सुषमाला कळवलं आहे की यंदा तिचं माहेर डिंडोलीला. घागर तिथेच भरू. डांगर पार्वतीच्या वेलाचंच आणतो आणि खापर पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसतो. पुरणपोळी जयश्री करेल, तू खुर्चीतून तिला रागाव.

सुरत सोडली तेव्हा शपथ घेतली होती की या शहरात पुन्हा पाय ठेवणार नाही. ती मोडतो. येत्या शनिवारच्या गाडीने निघतो, उधना स्टेशनला उतरेन. कुंदनला आणायला पाठवू नको, तो रस्ता माझ्या पायाखालचा आहे.

तू पलंगावरून उठायची धडपड करू नको. मी आल्यावर तुला खुर्चीत बसवीन आणि दारापर्यंत नेईन, जास्त नाही. पलंगापासून दार किती, आठ पावलं असतील. दाराशी पोचलो की मी तुला तो शब्द म्हणेन. मला माझा आवाज ऐकू येत नाही, किती मोठा निघेल सांगता येत नाही. शेजारीपाजारी बाहेर येऊन हसतील. हसू देत.

तुझा,
हिलाल